खोकडाची गोळी : एका निवडीचा इतिहास

मराठीत आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो इंग्रजांचा ‘जॅकल’. त्यांचा ‘फॉक्स’ म्हणजे आपले खोकड. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे कोल्हेच, आणि संस्कृत भाषेने तर कोल्हीला ‘शिवा’ असे मंगल नाव दिले आहे. अशा संस्कारांत वाढलेल्या वाचकाला ‘खोकड मारण्यासाठी कोणत्या मापाची रायफल निवडावी’ हा प्रश्न प्रथमदर्शनी निर्दय वाटेल. तथापि या प्रश्नाचा इतिहास पाहू गेले असता त्याच्या मुळाशी मनुष्याचा एक जुना प्रमाद आणि त्या प्रमादाचे अद्याप न फिटलेले ऋण दिसून येते.

ऑस्ट्रेलिया खंडात मुळात खोकड नव्हते. इंग्लंडातून तेथे जाऊन वसलेल्या जमीनदारांना मायदेशाची आठवण होई, आणि घोड्यावर बसून कुत्र्यांच्या थव्यासह खोकडाचा पाठलाग करणे ही त्यांची आवडती करमणूक होती. १८५९ साली टॉमस ऑस्टिन याने व्हिक्टोरिया प्रांतातील आपल्या बार्वन पार्क या जमिनीवर शिकारीसाठी ससे सोडले. १८७० च्या सुमारास त्याच प्रांतात तांबडी खोकडे सोडण्यात आली. सशांचा सुकाळ, आणि त्यांचा भक्षक नवागत! सुमारे शंभर वर्षांत उष्ण उत्तर भाग वगळता बहुतेक खंड खोकडांनी व्यापला. मेंढ्यांची कोकरे तर त्यांनी मारलीच; पण बिल्बी, नंबॅट, खडकांवर राहणारे लहान वॉलबी आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी यांच्यावरही संकट ओढवले. या प्राण्यांना अशा शत्रूची युगानुयुगे ओळखच नव्हती.

शेतकऱ्याच्या हाती त्या काळी जी सोपी व स्वस्त रायफल असे ती .२२ मापाची. तिचे ‘लाँग रायफल’ हे काडतूस १८८७ सालचे. त्याची सुमारे अडीच ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला साधारण १,२०० फूट वेगाने जाते. सशाला ती पुरेशी. परंतु पाच-सात किलो वजनाच्या खोकडावर ती दुरून झाडली असता प्राणी मरत नसे, जखमी होऊन झुडपांत शिरे आणि तेथे दिवसचे दिवस तडफडे. शिवाय ही मंद गोळी दगडावर वा कठीण जमिनीवर आपटली की उसळून भलतीकडे जाई. रायफलीच्या मापाचा प्रश्न उद्भवला तो येथे.

त्याचे उत्तर अमेरिकेत शोधले गेले. १९३० साली ‘.२२ हॉर्नेट’ हे काडतूस बाजारात आले. १९५० साली ‘.२२२ रेमिंग्टन’ निघाले. या दुसऱ्याची गोळी सव्वातीन ग्रॅमची, म्हणजे जुन्या गोळीहून फारशी जड नव्हे. पण तिचा वेग सेकंदाला ३,१०० फुटांच्या वर. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ती येथे आठपटींच्या घरात गेली. पुढे १९५५ साली ‘.२४३ विंचेस्टर’, १९६४ साली ‘.२२३’ आणि १९६५ साली ‘.२२-२५०’ ही काडतुसे प्रचारात आली. हलकी व वेगवान गोळी देहात शिरताच फुटते. प्राण तत्काळ जातो आणि ती पलीकडे जाऊन दुसऱ्यास इजा करण्याचा संभव कमी होतो.

मग सर्वांत शक्तिमान तीच सर्वांत उत्तम काय? तसे नव्हे. विस्तीर्ण, वाऱ्याच्या माळरानावर .२२-२५० अथवा .२४३ योग्य ठरते, कारण तेथे नेम दूरचा असतो. वस्तीजवळच्या कुरणात तिचा आवाज फार मोठा, आणि चुकलेली गोळी फार लांब जाणारी. तेथे हॉर्नेट अथवा.२२३ बरी. आणि गोळीच्या मागे मातीचा बंधारा वा टेकडीची बाजू नसेल, तर कोणतीही रायफल न झाडणे हाच नियम होय. ब्रिटनमध्ये तर प्रत्येक मापासाठी पोलिसांना सबळ कारण पटवावे लागते. कुत्र्यांकरवी होणारा पाठलाग तेथे स्कॉटलंडने २००२ साली आणि इंग्लंड व वेल्सने २००४ च्या कायद्याने निषिद्ध केला. ज्या खेळासाठी खोकड समुद्रापार नेले, तो खेळ त्याच्या जन्मभूमीतच निंद्य ठरला!

मापाचा प्रश्न आपल्या देशालाही अपरिचित नाही. लष्करी .३०३ रायफल सामान्य नागरिकास वर्ज्य, म्हणून सरकारी कारखान्याने शिकारीसाठी .३१५ मापाची रायफल काढली. तेथे माप ठरले ते राज्यकर्त्यांच्या भयाने. प्राण्याच्या वेदनेचा विचार त्यात नव्हता. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्या खोकडाला संरक्षण दिले. ते उचितच झाले, कारण ते येथले मूळचे रहिवासी आहे.

व्हिक्टोरियातील वॉर्नम्बूल गावाजवळ मिडल आयलंड नावाचे चिमुकले बेट आहे. ओहोटीच्या वेळी खोकडे तेथे चालत जात. शेकडो लहान पेंग्विनांपैकी २००५ साली दहाही उरले नव्हते. तेव्हा २००६ पासून मेंढरे राखणारे इटलीचे मरेम्मा जातीचे कुत्रे तेथे पहाऱ्यास ठेवले गेले आणि पक्षी पुन्हा वाढू लागले. याउलट फिलिप आयलंडवर रायफल, सापळे व विष या सर्वांचा दीर्घकाळ अवलंब करावा लागला. ते बेट खोकडमुक्त झाल्याचे जाहीर झाले ते २०१७ साली. राखणीने भागते तेथे राखण, आणि न भागेल तेथे अचूक गोळी, हा या दोन बेटांचा धडा आहे.

अहिंसा म्हणजे केवळ हात आवरणे नव्हे. खोकडाला गोळी न घालणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पेंग्विन नामशेष होत असेल, तर त्याचे हात कोरडे राहतील, पण मन निष्पाप राहील काय? आणि मारणेच प्राप्त झाले, तर वेदना क्षणाचीही लांबू नये एवढे तरी ऋण मारणारा त्या जिवाचे लागतोच. रायफलीचे माप निवडणे म्हणजे ते ऋण ओळखणे. मात्र मूळ पातक खोकडाचे नव्हते. करमणुकीखातर त्याला परक्या भूमीत नेऊन सोडणाऱ्या मनुष्याचे होते, हे गोळी झाडणाऱ्याने आणि आपणही विसरू नये.