स्टेशन आणि गाव : बोरगावच्या वाटेवर

नागपूरहून छिंदवाड्यास निघाले, की सावनेर आणि केळवद मागे पडतात, महाराष्ट्राची हद्द संपते आणि सौसरच्या अलीकडे बोरगाव लागते. 2023 साली पांढुर्णा जिल्हा निराळा झाला, तेव्हा हे गाव त्यात गेले. येथील औद्योगिक वसाहतीत रेमंडची कापडगिरणी आहे. ही वसाहत सरकारने आखली आणि ती सडकेच्या आधाराने वाढली. कोणा स्टेशनाने तिला जन्म दिला नाही. दीडशे वर्षांपूर्वी असे घडणे कठीण होते.

आपली जुनी गावे देवळाभोवती वसली. देऊळ, तळे, धर्मशाळा, मग बाजार, हा क्रम आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. आगगाडीने या क्रमात दुसरे एक केंद्र आणून बसविले. नागपूरचेच पाहा. 1867 साली मुंबईची गाडी तेथे पोहोचली. कापूस जवळ, कोळसा आटोक्यात आणि माल न्यायला रूळ, हे हेरून जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून तेथे एम्प्रेस मिल काढली; 1 जानेवारी 1877 रोजी ती सुरू झाली. गिरणीसाठी त्यांनी पाणथळ जमीन भरून घेतली. मुंबईच्या शेटजींना हा वेडेपणाच वाटला असावा! पुढे गिरणी आणि स्टेशन यांच्या आसऱ्याने कामगारवस्त्या वाढल्या. 1925 साली उघडलेली स्टेशनची इमारत आजही उभी आहे. तिचा वालुकाश्म सावनेरचा. गिरणी मात्र 2002 साली बंद पडली आणि तिच्या जागेवर मॉल आला.

या मोठ्या स्टेशनच्या मागे एक लहान जग होते. 1913 च्या सुमारास इतवारीहून सावनेर, लोधीखेडा, सौसर, रामाकोना अशी अडीच फुटी रुळांची वाट छिंदवाड्यास जोडली गेली. नागपुरास कायदा शिकत असताना आम्ही त्या गाडीने प्रवास केला आहे. चढावर ती इतकी रेंगाळे, की खाली उतरून पुन्हा चढावे असा मोह होई. 2015 च्या अखेरीस ती थांबली. 2021 पासून त्या वाटेने रुंद रुळांची गाडी जाते. ही सोय हवीच होती, तिच्याविषयी आमची तक्रार नाही.

प्रश्न जुन्या वास्तूंचा आहे. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याने स्मारकास किमान शंभर वर्षांचे वय सांगितले आहे. या वाटेवरील आरंभीच्या बांधकामांनी ते नुकतेच गाठले. तथापि नुसत्या वयाने संरक्षण मिळत नाही. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून तशी अधिसूचना निघावी लागते, आणि खेड्यातल्या मालधक्क्यासाठी ती कोण काढणार? नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून अरुंद रुळांच्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथे इंजिने नेता आली. स्टेशन जागचे हलविता येत नाही. म्हणून जी जुनी दगडी घरे, पाण्याच्या टाक्या, धक्के अद्याप उभे असतील, त्यांची मोजमापे व छायाचित्रे तरी स्थानिक मंडळींनी पाडकामाची निविदा निघण्यापूर्वी घेऊन ठेवावीत. जामसावळीच्या हनुमंताच्या दर्शनास या वाटेने जाणाऱ्यांपैकी कोणी हे काम अंगावर घेतल्यास अर्जाचा मसुदा करून देण्यास आम्ही तयार आहोत.