अंतःस्तरीय पारपटल रोपण

अंतःस्तरीय पारपटल रोपण ही पारपटलाचा केवळ आतला रोगग्रस्त थर काढून त्या जागी मरणोत्तर दान केलेल्या डोळ्यातील निरोगी थर बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. पारपटल म्हणजे डोळ्याचा सर्वांत पुढचा, घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक भाग. त्यास स्वच्छमंडल किंवा कॉर्निया असेही म्हणतात. बोलीभाषेत अशा शस्त्रक्रियांना सरसकट ‘डोळा बसवणे’ किंवा ‘बुबुळ बदलणे’ म्हटले जाते. प्रत्यक्षात या शस्त्रक्रियेत संपूर्ण डोळा तर नव्हेच, पण संपूर्ण पारपटलही बदलले जात नाही.

रचना व कार्य

पारपटलाची मध्यभागी जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. बाहेरून आत बाह्यस्तर, बोमन पटल, मध्यस्तर, डेसिमेट पटल आणि अंतःस्तर असे त्याचे पाच थर परंपरेने सांगितले जातात. जाडीचा सुमारे ९० टक्के भाग मध्यस्तराचा असतो. अंतःस्तर मात्र पेशींच्या एकाच रांगेचा असून त्यातील षटकोनी पेशी फरशीच्या लाद्यांप्रमाणे एकमेकींना लागून बसलेल्या असतात.

पारपटलाच्या मागील पोकळीतील द्रव सतत मध्यस्तरात झिरपत असतो. अंतःस्तराच्या पेशी पंपाप्रमाणे काम करून हे जादा पाणी बाहेर टाकतात आणि त्यामुळे पारपटल पारदर्शक राहते. निरोगी प्रौढ व्यक्तीत दर चौरस मिलिमीटरमध्ये साधारणपणे २,५०० ते ३,००० पेशी असतात. वयोमानानुसार त्या हळूहळू कमी होतात. मानवी शरीरात या पेशींची पुरेशी पुनर्निर्मिती होत नाही. एखादी पेशी नष्ट झाली, तर शेजारच्या पेशी पसरून तिची जागा भरतात, पण नवी पेशी तयार होत नाही. हा साठा एका मर्यादेखाली गेला की पारपटलाला सूज येते व ते धुरकट होते. औषधाने या पेशींचा गेलेला साठा भरून येत नाही, म्हणून रोपणाची गरज भासते.

कोणत्या आजारांत करतात

या शस्त्रक्रियेचे एक प्रमुख कारण म्हणजे फुक्स अंतःस्तर विकृती. ऑस्ट्रियन नेत्रतज्ज्ञ अर्न्स्ट फुक्स यांनी १९१० साली या विकाराचे वर्णन केले. तो अनेकदा आनुवंशिक असतो, स्त्रियांमध्ये अधिक आढळतो आणि बहुधा पन्नाशीनंतर त्रास देऊ लागतो. सकाळी उठल्यावर धूसर दिसणे आणि दिवस चढेल तसे स्पष्ट दिसू लागणे, हे त्याचे वैशिष्ट्यपूर्ण लक्षण आहे. झोपेत पापण्या मिटलेल्या असल्याने पृष्ठभागावरील बाष्पीभवन थांबते व पारपटलात पाणी साचते; डोळे उघडे राहिल्यावर ते काही अंशी कमी होते.

दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे मोतीबिंदूच्या किंवा अन्य शस्त्रक्रियेनंतर अंतःस्तराची झालेली हानी. सूज वाढल्यास पारपटलाच्या पृष्ठभागावर पाण्याचे बारीक फोड येतात आणि ते फुटल्यावर तीव्र वेदना होतात. पूर्वी केलेले रोपण निकामी झाल्यासही ही शस्त्रक्रिया करता येते.

मध्यस्तरावर कायमचा व्रण पडला असेल, तर केवळ आतला थर बदलून दृष्टी पुरेशी सुधारत नाही. दीर्घकाळ सूज राहिल्यास असा व्रण पडू शकतो. त्यामुळे वेळीच निदान होणे महत्त्वाचे ठरते. पारपटल शंकूच्या आकाराचे होणे किंवा जंतुसंसर्गाने फूल पडणे अशा विकारांसाठी रोपणाचे अन्य प्रकार वापरतात.

इतिहास

एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी सध्याच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे पहिले यशस्वी मानवी पारपटल रोपण केले. त्यांच्या रुग्णाचे डोळे चुन्याने भाजले होते. पुढे जवळजवळ शतकभर पूर्ण जाडीचे रोपण हीच प्रमाण पद्धत राहिली. तीत पारपटलाची गोल चकती कापून दात्याची चकती टाक्यांनी शिवली जाते. टाके, त्यामुळे येणारी वक्रता आणि दीर्घकाळ राहणारी जखमेची कमजोरी या तिच्या अडचणी होत.

केवळ मागील थर बदलण्याचा प्रयत्न चार्ल्स टिलेट यांनी १९५६ साली प्रसिद्ध केला होता. तथापि या पद्धतीला खरी चालना नेदरलँड्सचे गेरिट मेलेस यांच्या १९९८ मधील कार्यामुळे मिळाली. नवा थर टाक्यांऐवजी हवेच्या बुडबुड्याने जागेवर दाबून धरावा, ही त्यातील मुख्य कल्पना होती. अमेरिकेतील फ्रान्सिस प्राइस आणि मार्क गोरोवॉय यांनी पुढील सुधारणांत मोठा वाटा उचलला.

प्रकार

डीसेक : यात अंतःस्तर व डेसिमेट पटलासोबत दात्याच्या मध्यस्तराचा पातळ पापुद्राही बसवतात. हा पापुद्रा यांत्रिक पात्याने कापला जातो. एकूण थर साधारणपणे १०० ते २०० मायक्रोमीटर जाडीचा असल्याने हाताळण्यास तुलनेने सोपा असतो.

डीमेक : यात फक्त डेसिमेट पटल व अंतःस्तर बसवतात. ही जाडी अवघी १० ते १५ मायक्रोमीटर असते. मेलेस यांनी २००६ मध्ये ही पद्धत मांडली. तीत दृष्टी लवकर व अधिक चांगली सुधारते आणि शरीराने रोपण नाकारण्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. मात्र हा थर गुंडाळीसारखा वळतो, त्यामुळे तो डोळ्यात उलगडणे कौशल्याचे काम असते.

शस्त्रक्रिया

शस्त्रक्रिया बहुधा डोळ्यापुरती भूल देऊन केली जाते. पारपटलाच्या कडेला काही मिलिमीटरचा छेद घेऊन रुग्णाचा खराब थर सोलून काढतात. दात्याचा थर निळ्या रंगद्रव्याने रंगवून आत सोडतात, उलगडतात आणि त्याखाली हवेचा किंवा विशिष्ट वायूचा बुडबुडा भरतात. बुडबुडा वर चढत असल्याने तो थराला पारपटलाच्या आतील पृष्ठभागावर दाबून धरतो. त्यासाठी रुग्णाने शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितलेला काळ उताणे, छताकडे तोंड करून झोपणे आवश्यक असते. मोतीबिंदू असल्यास त्याची शस्त्रक्रिया याच वेळी करता येते.

धोके व काळजी

बसवलेला थर अंशतः सुटणे, ही सर्वांत सामान्य गुंतागुंत आहे. अशा वेळी पुन्हा बुडबुडा भरावा लागू शकतो. डोळ्यातील दाब वाढणे, जंतुसंसर्ग होणे आणि रोपण नाकारले जाणे हे अन्य धोके आहेत. नाकारले जाण्याचा धोका कमी करण्यासाठी स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ वापरावे लागतात. या थेंबांमुळे काचबिंदूचा धोका वाढू शकतो, म्हणून नियमित तपासणी करावी लागते. डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, दृष्टी घटणे किंवा दुखणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास त्वरित नेत्रतज्ज्ञांकडे जावे. वेळीच उपचार झाल्यास रोपण अनेकदा वाचवता येते.

नेत्रदानाशी संबंध

तंत्र कितीही प्रगत झाले, तरी या शस्त्रक्रियेचा कच्चा माल नेत्रदानातूनच येतो. मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत डोळे किंवा पारपटल काढले जाते. त्यामुळे नातेवाइकांनी नेत्रपेढीला लगेच कळवणे निर्णायक ठरते. तोपर्यंत मृताच्या पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके उशीवर थोडे उंच ठेवावे. नेत्रपेढीत विशेष सूक्ष्मदर्शकाने अंतःस्तराच्या पेशी मोजून ते पारपटल या शस्त्रक्रियेस योग्य आहे की नाही हे ठरवतात.

चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया यांमुळे नेत्रदानास अडथळा येत नाही. वृद्ध दात्याचे डेसिमेट पटल अधिक जाड असते व कमी गुंडाळते, म्हणून डीमेकसाठी ते तरुण दात्याच्या पटलापेक्षा सोयीचे ठरते. ‘म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांचा काय उपयोग’ हा समज त्यामुळे चुकीचा आहे. एड्स, रक्तातून पसरणारी कावीळ, रेबीज यांसारख्या आजारांत मात्र रोपणासाठी नेत्रदान स्वीकारले जात नाही. भारतात दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा पाळला जातो.

नवे संशोधन

दात्यांच्या कमतरतेवर उपाय म्हणून प्रयोगशाळेत अंतःस्तराच्या पेशी वाढवून त्या डोळ्यात टोचण्याची पद्धत जपानमध्ये विकसित झाली. क्योतो येथील शिगेरू किनोशिता व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ११ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि २०२३ मध्ये जपानने अशा उपचारास मान्यता दिली. यात पेशी पारपटलावर स्थिरावण्यासाठी रुग्णाला उताणे नव्हे, तर पालथे झोपावे लागते. एका दात्याच्या पेशींपासून अनेक रुग्णांना दृष्टी मिळण्याची शक्यता यामुळे निर्माण झाली आहे. मात्र मूळ पेशींसाठी दाता येथेही लागतोच.