तोफेचा ब्रेक : पेटंट, गुपित आणि एक निरपराध माणूस

विजापूरच्या बुरुजावरील ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. ती १५४९ साली निजामशाहीत, अहमदनगर येथे ओतली गेली. ओतणाऱ्या उस्तादाचे, मुहम्मद रूमीचे, नाव तोफेवर कोरलेले आहे. नाव उरले, परंतु त्या काळी असे हुनर उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात जाई, कागदावर क्वचितच उतरे. मग शोध लावणाऱ्याचे नावही राहावे आणि त्याची विद्याही जगाला मिळावी, यासाठी काय करावे? या प्रश्नाला आधुनिक काळाने दिलेले उत्तर म्हणजे पेटंट. हे उत्तर कोठे उपयोगी पडते आणि कोठे अपुरे ठरते, हे तोफेच्याच एका भागाच्या इतिहासावरून पाहू या. तो भाग म्हणजे तोफेचा ब्रेक.

तोफ उडाली की गोळा पुढे जातो आणि तोफ मागे रेटली जाते. जुन्या काळी प्रत्येक बारानंतर तोफ चाकांसह मागे घसरे. गोलंदाजांनी ती पुन्हा ढकलत जागेवर आणावयाची, पुन्हा नेम धरावयाचा आणि मगच दुसरा बार. हा मागचा धक्का आवरण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला असा की, नळी तेवढी मागे सरकू द्यावी आणि तेल व दाबलेली हवा यांच्या जोरावर तिला थोपवून पुन्हा पुढे आणावे. गाडा मात्र जागचा हलू नये. दुसरा मार्ग नळीच्या तोंडाशी आहे. गोळ्यामागून जो तप्त वायू सुटतो, तो तोंडावर बसविलेल्या भोकांतून किंवा पडद्यांतून बाजूला व थोडा मागे वळवावयाचा. वळताना तो वायू नळीला पुढे खेचतो आणि धक्का कमी होतो. यालाच ‘मझल ब्रेक’ म्हणतात. याची किंमतही मोजावी लागते : बाराचा दणका आणि धूळ तोफेजवळच्या जवानांच्या अंगावर येते.

हा दुसरा मार्ग नवा नाही. त्रय द बोल्यू या फ्रेंच तोफखान्याच्या अधिकाऱ्याने १८४२ च्या सुमारास नळीच्या तोंडाशी मागे झुकलेली भोके पाडण्याची कल्पना मांडली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या पंचवीस पौंडी तोफेलाही रणगाड्यांविरुद्ध अधिक जोराचा बार काढावा लागू लागला, तेव्हा असाच ब्रेक बसविण्यात आला. कल्पना जुनीच होती; तिचा प्रसार व्हायला मात्र शंभर वर्षे लागली.

आता पहिल्या मार्गाची हकीकत ऐका. ती अधिक बोधप्रद आहे. कोनराड हाउसनर हा जर्मन अभियंता क्रुपच्या प्रसिद्ध कारखान्यात काम करीत होता. नळी गाड्यावर लांबवर मागे सरकावी आणि आपोआप परत यावी, अशी रचना त्याने केली व १८९१ साली तिचे पेटंट घेतले. परंतु तेलाची गळती थांबेना. कारखान्यालाही ती पटली नाही आणि जर्मन सैन्यालाही नाही. १८९६ साली जर्मनीने जी नवी मैदानी तोफ स्वीकारली, तीत ही रचना नव्हतीच.

इकडे फ्रान्समध्ये काय झाले? तोफखान्याचे प्रमुख जनरल मात्यू यांना जर्मनीत असे प्रयोग चालू असल्याची वार्ता लागली होती. त्यांनी प्युतो येथील सरकारी कारखान्यातील देपोर या अधिकाऱ्याला विचारले, हे आपल्याला जमेल काय? देपोरने आरंभ केला आणि सँत-क्लेर देव्हिल व रिमाइओ यांनी ते काम पूर्णत्वास नेले. त्यातून निघालेली पंचाहत्तर मिलिमीटरची १८९७ ची तोफ एका मिनिटात पंधरा बार सहज काढी आणि गाडा जागचा हलत नसे. फ्रान्सने या रचनेचे पेटंट घेऊन ती जगासमोर मांडली नाही. ती गुपित ठेवली. हाउसनर पुढे एरहार्टच्या कारखान्यात गेला. तेथे बनलेल्या त्याच धर्तीच्या एकशे आठ तोफा ब्रिटनने विकत घेतल्या आणि जर्मनीला आपल्या नव्याकोऱ्या तोफा काही वर्षांतच पुन्हा बदलून घ्याव्या लागल्या. घरच्या माणसाचे ऐकले नाही, ते शेजाऱ्याकडून शिकावे लागले!

परंतु गुपिताचीही एक किंमत असते. सप्टेंबर १८९४ मध्ये पॅरिस येथील जर्मन वकिलातीच्या कचऱ्याच्या टोपलीतून एक निनावी चिठ्ठी फ्रेंच हेरखात्याच्या हाती लागली. जर्मनांना पुरविलेल्या माहितीची ती यादी होती, आणि तिच्यातील पहिलीच बाब होती एकशे वीस मिलिमीटरच्या तोफेच्या हायड्रॉलिक ब्रेकविषयीचे टिपण. ही तोफ वर सांगितलेल्या तोफेहून वेगळी. परंतु विषय तोच. चिठ्ठीतील बऱ्याच बाबी तोफखान्याच्या, तेव्हा लिहिणारा तोफखान्याचाच असला पाहिजे, असा तर्क झाला. संशय कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांच्यावर गेला. हे अल्सास प्रांतातले ज्यू कुटुंबातले. पॅरिसच्या नामांकित एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकून स्वतःच्या गुणांवर मुख्य सेनाकार्यालयापर्यंत पोहोचलेले. पुरावा काय? हस्ताक्षर जुळते असे काहींचे म्हणणे, आणि अल्पसंख्य समाजातल्या माणसाविषयी आधीच मनात बसलेली अढी. न्यायाधीशांना एक गुप्त फाईल दाखविण्यात आली. आरोपीच्या वकिलाला ती दाखविली नाही. ५ जानेवारी १८९५ रोजी भर मैदानात त्यांच्या गणवेशावरील चिन्हे तोडण्यात आली, तलवार मोडण्यात आली आणि त्यांची रवानगी दूरच्या डेव्हिल्स आयलंडवर झाली.

खरा लेखक एस्तेरहाझी नावाचा दुसराच अधिकारी असल्याचे कर्नल पिकार यांनी १८९६ मध्ये शोधून काढले. वरिष्ठांना ते नको होते. पिकार यांचीच दूर बदली झाली. १३ जानेवारी १८९८ रोजी कादंबरीकार एमिल झोला यांनी वर्तमानपत्रातून जाहीर आरोप केला, तेव्हा सारा देश ढवळून निघाला. १२ जुलै १९०६ रोजी ड्रेफस पूर्णपणे निर्दोष ठरले. बारा वर्षे! ब्रेकचे गुपित राखण्याच्या नादात न्याय गहाण पडला होता. गुपिताला जाहीर तपासणी नसते. म्हणून त्याच्या आडोशाला पूर्वग्रह सुखाने वाढतो.

पेटंटचा व्यवहार याच्या उलट आहे. शोधकाने आपली कृती उघडपणे आणि तपशीलवार लिहून द्यावयाची. मोबदल्यात सरकार त्याला ठरावीक मुदतीपुरता हक्क देते. आपल्या देशात १९७० च्या पेटंट कायद्यानुसार आज ही मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे आहे. मुदत संपली की ती विद्या सर्वांची.

आता समजा, अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याने सुट्या भागांचा मझल ब्रेक आखला : नळीवर एक कायमची कडी आणि तिच्यावर तोफेच्या व बाराच्या जोराप्रमाणे बदलता येतील असे पडदे. त्याला पेटंट मिळेल काय? परीक्षक प्रथम विचारील, यात नवे काय? ‘तोंडाशी वायू वळविणे’ हे उत्तर चालणार नाही. ते १८४२ सालचे आहे. दुसरा प्रश्न : या क्षेत्रातल्या जाणत्या कारागिराला हे सहज सुचले नसते काय? माहितीची साधने नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापले जुनेच काम करीत राहिले, तर आपला कायदा त्याला शोध मानीत नाही. परंतु त्या कडीचा सांधाच असा असेल की प्रचंड उष्णता व हादरा सोसूनही पडदे सैल होत नाहीत, तरीही पटकन बदलता येतात, तर तेथे बोलण्यास जागा आहे. म्हणजे मागणी साऱ्या ब्रेकवर नव्हे, त्या सांध्यावर करावयाची. तिसरा प्रश्न : ते प्रत्यक्ष बनविता व वापरता येते काय? आणि एक दक्षता : अर्ज करण्यापूर्वी ते प्रदर्शनात मांडले किंवा छापून आणले, तर नावीन्य बहुधा तेथेच संपते.

शस्त्राच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. शोध संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटला, तर त्याची प्रसिद्धी रोखण्याचा आदेश कायद्याच्या ३५ व्या कलमाखाली देता येतो. असा शोध सरकारच्या संमतीवाचून परदेशात नोंदविण्यासही ३९ वे कलम मनाई करते. म्हणजे गुपिताची गरज आपणही मानतो. परंतु ते गुपित कायद्याच्या चौकटीत असते. अर्ज नोंदलेला असतो, तारीख पडलेली असते आणि आदेशाचा दर सहा महिन्यांनी फेरविचार करावा लागतो. ड्रेफस यांच्या खटल्यात नेमके हेच नव्हते : नोंद होती, पण ती आरोपीपासून लपविलेली.

विद्यार्थी मित्रांनो, तोफा तुम्ही बनवाल असे नाही. कोणी पंप दुरुस्त करील, कोणी यंत्रमागाचा एखादा भाग सुधारील. जे काही कराल त्याची वही ठेवा. काय केले, का केले, काय फसले, हे तारखेसह लिहा आणि खाली सही करा. पालकांनीही मुलाच्या अशा वहीला रद्दी समजू नये. हाउसनरचे म्हणणे कोणी ऐकले नाही, तरी त्याचा कागद राहिला, म्हणून त्याचा मान आज त्याला मिळतो. ड्रेफस यांनाही अखेर सोडविले ते कागदानेच. हस्ताक्षर कोणाचे, हे कोणीतरी प्रामाणिकपणे ताडून पाहिले म्हणून. मुहम्मद रूमीने आपले नाव धातूवर कोरले. आपण नावाबरोबर आपली विद्याही लिहून ठेवू या.