मासे येण्यापूर्वी

जुनी फिश टँक विकणारा गृहस्थ तिच्याबद्दल सगळं सांगतो. काच किती जाडीची, पंप किती बिनआवाजाचा, आत दिवा लावला की हॉल कसा खुलतो, सगळं. फक्त तिच्यातले मासे कुठे गेले, ते सांगत नाही. तुम्ही विचारलंत तर तो खोकतो. वाड्याचा दलालही 'आधीचे भाडेकरू का गेले' या प्रश्नाला असाच खोकत असे.

बँकेत कुणाची बदलीची ऑर्डर निघाली की दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे निरोपाचा चहा-सामोसा, आणि दुसरी म्हणजे न हलवता येणाऱ्या सामानाचं वाटप. अशाच एका वाटपात अडीच फुटी काचेची पेटी आमच्या घरी आली. तळाशी वाळू, कोपऱ्यांत हिरवट बुळबुळीत थर आणि पाण्याच्या जुन्या पातळीवर क्षारांची पांढरी रेघ. आई म्हणाली, "चिंच लाव आणि घास." सौ. म्हणाली, "अहो, भांड्याची पावडर आहे ना!" आमची चौथीतली कन्या मात्र पेटीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "बाबा, आधीचे मासे कशाने मेले?"

सबंध घरात मुद्द्याचा प्रश्न तेवढाच होता. मासा जातो, पण त्याचा आजार बुळबुळीत थरात, वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात मुक्काम ठोकून राहतो. नवा मासा म्हणजे त्याच्या दृष्टीने नवा यजमान.

साबण पहिल्याच फेरीत बाद झाला. त्याचा अंश सांध्यांत अडकून राहतो आणि तो माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही. वाळू आणि स्पंज सरळ टाकून दिले. पांढरी रेघ व्हिनेगरने सुटली. (तत्त्व चिंचेचंच, त्यामुळे आईचा विजय झाला.) मग पेटी साध्या पाण्याने खळखळून धुतली आणि त्यानंतरच ब्लीचची बाटली उघडली. हा क्रम महत्त्वाचा आहे. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. शील नावाच्या स्वीडिश औषधविक्याने १७७४ मध्ये हाच वायू प्रथम तयार केला आणि १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने तोच शत्रूवर सोडला. आपल्या बाल्कनीत त्याची पुनरावृत्ती नको.

मी कॉमर्सचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेबरोबरच संपला. पण त्या बाटलीची कुळकथा वाचली आणि मी हरखून गेलो. एके काळी युरोपात कापड पांढरं करायचं म्हणजे ते महिनोन् महिने कुरणावर उन्हात पसरून ठेवत. बर्थोलेने १७८५ च्या सुमारास क्लोरीनने तेच काम झटपट करून दाखवलं. पुढे ग्लासगोच्या टेनंटने १७९९ मध्ये ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. म्हणजे ही मंडळी सगळी धोब्याच्या खात्यातली! जंतूंचा तिथे पत्ताही नव्हता.

ब्लीच कापडावरून माणसांकडे वळलं ते वासामुळे. आतड्यांपासून तात बनवणाऱ्या कारखान्यांत असह्य दुर्गंधी असे. ती लाबाराक नावाच्या फ्रेंच औषधविक्याने १८२० च्या दशकात या द्रावणाने घालवली. त्यानंतर आला व्हिएन्नाचा डॉक्टर सेमेलवाइस. त्याच्या इस्पितळात दोन प्रसूतिकक्ष होते. सुइणींच्या कक्षात बाळंतिणी कमी मरत आणि डॉक्टरांच्या कक्षात कितीतरी जास्त. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत, हे त्याने १८४७ मध्ये हेरलं. साबणाने धुऊनही हातांचा प्रेताचा वास जात नाही, म्हणून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. त्या एप्रिलात डॉक्टरांच्या कक्षातलं मृत्यूचं प्रमाण १८ टक्के होतं. जूनमध्ये ते सुमारे २ टक्क्यांवर आलं.

आमच्या बँकेत असे आकडे दिसले असते तर त्या माणसाला बढती मिळाली असती, निदान हार तरी. पण व्हिएन्नातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना त्या आकड्यांचा अर्थ बरोबर कळला होता. अर्थ असा, की इतकी वर्षं बाया मरत होत्या त्या आपल्याच हातांनी. एवढी मोठी रक्कम स्वतःच्या नावे टाकायला कोण तयार होतो? सेमेलवाइसची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला.

हे वाचल्यावर ब्लीचकडे बघायची माझी नजर बदलली. रबरी हातमोजे चढवून मी एक भाग ब्लीच आणि वीस भाग पाणी असं द्रावण केलं, ते काचेला सगळीकडून लावलं आणि पंधरा मिनिटं घड्याळ लावून बसलो. मग चार वेळा पेटी धुतली. तरी वास थोडा उरलाच. ज्याने जंतू मरतात त्याने मासाही मरतो. त्यामुळे मारेकऱ्यालाही बाहेर काढावं लागतं. त्यासाठी हायपो. जॉन हर्शेलने त्याचा चांदीचे क्षार विरघळवण्याचा गुण १८१९ मध्ये शोधला, म्हणून फोटोवाल्यांच्या काळोख्या खोलीत तो वर्षानुवर्षं नांदला. क्लोरीनचा निकालही तोच लावतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ही उलट नोंद. ती पडली की खातं जुळतं. त्यानंतर पेटी तीन दिवस उन्हात वाळवली.

"आता आणायचे मासे?" कन्येने विचारलं. तेवढ्यात वॉरिंग्टन आडवा आला. लंडनच्या या रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काचपात्रात गोल्डफिश आणि पाणवनस्पती ठेवल्या, पण कुजक्या पानांनी पाणी बिघडायला लागलं. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं आणि संसार सुरळीत झाला. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यालय उघडलं. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय व्हायला १९५१ साल उजाडावं लागलं.

गोगलगायींचं काम आता आपण फिल्टरवर सोपवतो, पण खरे सफाई कामगार असतात जंतूच. माशाच्या विष्ठेतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे हे जंतू ब्लीचने उरलेल्यांबरोबर मरून जातात आणि पुन्हा रुजायला त्यांना काही आठवडे लागतात. म्हणजे पेटी अतिस्वच्छ असेल तर तीही माशाला जगू देत नाही. आम्ही पाणी भरून, फिल्टर चालू करून, माशाच्या खाण्याची चिमूटभर पूड रोज आत टाकत महिनाभर रिकाम्या पेटीसमोर बसलो. शेजारी येऊन विचारत, "मासे कुठायत?" मी खोकत असे.

आता आत सहा मासे आहेत. पेटीच्या झाकणावर कन्येने आपल्या हस्ताक्षरात एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'हात घालण्याआधी धुवा. साबण राहू देऊ नका. बाहेर काढल्यावर परत धुवा.' खाली सही म्हणून तिने स्वतःचं नाव न घालता 'डॉ. सेमेलवाइस' असं लिहिलंय. आमच्या घरात तरी डॉक्टरांचं सगळे ऐकतात.