सागरकिनारा-संरक्षण कायदे : पोशीर व खालापूर परिसर

पोशीर ही रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील नदी उल्हासला मिळते. उल्हास कल्याणपुढे खाडी होऊन वसईकडे जाते. शेजारच्या खालापूरची पाताळगंगा धरमतर खाडीत उतरते. दोन्ही तालुक्यांना किनारा नाही, म्हणून किनाऱ्याच्या कायद्यांच्या चर्चेत त्यांना कोणी धरत नाही. ते चूक आहे, कारण कायद्याची वरची हद्दच गोड्या पाण्यावर ठरते. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खाली सागरी किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 रोजी निघाली. 2011 व 2019 मध्ये ती नव्याने आली. खाडीकाठचा पट्टा 2011 मध्ये 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत कमी असेल तो. 2019 मध्ये शंभराचे पन्नास झाले. नदीत मात्र ऐन कोरड्या दिवसांत दर हजार भागांत 5 भाग क्षार जिथवर आढळतो, तिथवरच कायदा चालतो. उन्हाळ्यात हा खार मागे रेटणारे पाणी बरेचसे घाटावरचे असते : आंध्रा तलावाचे पाणी भिवपुरीच्या वीजगृहातून (1922) उल्हास खोऱ्यात येते, तर खोपोलीच्या वीजगृहाचे (1915) अवजल पाताळगंगेला वाहते ठेवते. वरचा विसर्ग घटला की खार वर सरकणार. मंजूर नकाशावरची रेघ मात्र जागची हलत नाही.

यावर आक्षेप असा, की वरच्या नद्यांसाठी जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 आहेच. आहे, पण त्याचा रोख सांडपाण्यावर आहे, खाडीला किती पाणी व गाळ पोचला पाहिजे यावर नाही. नदीकाठच्या उद्योगांवर बंधने घालणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरणही 2015 मध्ये रद्द झाले. पोशीर नदीवरच्या सुमारे 12.34 अब्ज घनफूट क्षमतेच्या पोशीर प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये मान्यता दिली; पाणी मुख्यतः पिण्यासाठी व उद्योगांसाठी. पर्यावरणीय मंजुरीची 2006 ची अधिसूचना धरणे मोजते ती मेगावॉट आणि सिंचनक्षेत्राने, त्यामुळे निव्वळ पिण्याच्या पाण्याचे धरण त्या तक्त्यात बसतच नाही. किनाऱ्याचा कायदा वर आणला तर कर्जतच्या शेतकऱ्याला घरसुद्धा बांधता येणार नाही, ही भीती रास्त आहे. पण बांधकामबंदी वर नेण्याची गरजच नाही. किनारा व्यवस्थापन आराखड्यात प्रत्येक खाडीचा किमान उन्हाळी विसर्ग नोंदवून तो धरणाच्या परवानगीत अट म्हणून घालता येतो.

कांदळवने : मुंबई उच्च न्यायालयाचे 2005 व 2018 चे आदेश; कर्जतला थेट लागू नाहीत.

मासेमारी : महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981, समुद्रापुरता.