टिळकांच्या घरचा उंबरठा

श्रोतेहो, राहुरीकडचा एक मुलगा आमच्या चिंचवडच्या कॉलेजात शिकायला होता. पिंपरीत त्याची खोली ठरली, भाडंही ठरलं, पण नाव ऐकताच घरमालक म्हणाले, "खोली कालच दिली." मुलगा ख्रिस्ती. मला त्याने एवढंच विचारलं, "सर, आम्ही बाहेरून आलोय का?" त्याला जे सांगितलं, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

कवी नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातला, ब्राह्मण घरातला. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या काळी हे म्हणजे जिवंतपणी घराला मुकणं. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू नातेवाइकांकडे राहिले, आणि संसाराची काही वर्षं अशी ताटातुटीत गेली.

पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, पण स्वतःचा धर्म आणि सोवळं घेऊन. टिळकांनी बळजबरी केली नाही, बरं का! वेगळी चूल, वेगळं पाणी, सगळं चालू दिलं. जातिभेद हा देवाचा नव्हे, माणसाचा, हे बाईंचं त्यांनाच पटत गेलं. मग शिवाशीव सुटली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाहेरच्या बहिष्कारापेक्षा स्वतःच्या स्वयंपाकघरातली ही लढाई अवघड होती, असं मला वाटतं.

आता टिळकांनी काय केलं? ज्यांनी दूर लोटलं त्यांच्याशी ते भांडत बसले नाहीत, आणि आपली भाषाही त्यांनी सोडली नाही. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगांत गायिली, कीर्तनातून सांगितली. उपासना साहेबी थाटाचीच असावी, हे त्यांना मान्य नव्हतं. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. म्हणजे दोन्हीकडचा रोष त्यांनी पत्करला, नव्हे का?

तेव्हाच्या अहमदनगरात त्यांचं दार मात्र उघडं होतं. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, त्या घरात राहिले. हा हिंदू मुलगा. लक्ष्मीबाईंनी त्याला आईची माया दिली. घर देताना कोणी धर्म विचारला नाही.

१९१९ साली टिळक गेले. त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांत छळाचं रडगाणं नाही. स्वतःलाच हसण्याचं धैर्य आहे.

शिक्षकबंधूंनो, 'केवढे हे क्रौर्य' वर्गात शिकवताना कवीचा धर्म लपवू नका आणि मिरवूही नका. तो आपल्यातला होता, एवढं सांगा. बाकीचं मुलं समजून घेतील.

त्या विद्यार्थ्याला ती खोली काही मिळाली नाही. पुढे चाकणच्या कारखान्यात तो नोकरीला लागला, स्वतःची खोली घेतली. गावाकडून कामाच्या शोधात आलेली मुलं तिथे उतरतात. कोण कुठला, हे तो विचारतो. पण जेवायला वाढून झाल्यावर.