परदेशात गेलेल्या माणसाचा पत्ता लागत नाहीये? फोनवरून काय करता येतं

माझा आतेभाऊ आखातात कामाला गेला आणि तिसऱ्याच महिन्यात गायब झाला. मेसेजपुढे एकच टिक. नऊ दिवस. सिडकोतल्या घरी आत्या रात्रभर फोन उशाशी घेऊन जागी असायची. त्या नऊ दिवसांत जे कळलं, ते सांगतो.

एक टिक म्हणजे मेसेज तुमच्याकडून गेला, पण त्याच्या फोनपर्यंत पोचला नाही. फोन बंद असेल, नेट नसेल किंवा तुम्हाला ब्लॉक केलं असेल. एवढ्यावरून काहीच ठरवू नका. आधी चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, शेवटच्या कॉलची तारीख-वेळ, आलेलं लोकेशन, एजंटचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट काढा. त्याने गुगल मॅप्सवर लोकेशन शेअर केलेलं असेल तर तेही बघा. 'संचार साथी'वर वेळ घालवू नका, ते भारतातल्या नेटवर्कपुरतं आहे.

खरं काम होतं ते परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर. २०१५ पासून ते सुरू आहे. नातेवाईक घरबसल्या खातं उघडून तक्रार टाकू शकतात, ती त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे जाते आणि पुढे काय झालं ते तक्रार क्रमांकावरून बघता येतं. अडतं कुठे? पासपोर्ट नंबरावर! आमच्या घरी झेरॉक्सच सापडेना. शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला प्रिंटसाठी पाठवलेली पीडीएफ माझ्या जुन्या चॅटमध्ये मिळाली. तोवर सहावा दिवस उजाडला होता.

सोबत जवळच्या पोलीस ठाण्यात मिसिंगची नोंद कराच. 'परदेशातलं इथे कशाला?' असं वाटेल, पण आपल्याच शहरातलं उदाहरण आहे. इथल्या एक बाई नातेवाइकांना भेटायला पाकिस्तानात गेल्या, लाहोरमध्ये पासपोर्ट हरवला आणि जवळपास १८ वर्षं तुरुंगात गेली. सिटी चौक पोलीस ठाण्याच्या हद्दीत त्यांच्या नावावर घर आहे, ही माहिती इथून गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या घरी आल्या. म्हणून घरपट्टीची पावती, शाळेचा दाखला, असलं सगळं स्कॅन करून ठेवा.

माणूस अटकेत असेल तर दूतावासाला आपोआप कळतंच असं नाही. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार त्याने स्वतः मागणी केली तर कळवायचं असतं. भारत-पाकिस्तान मात्र २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. युद्ध किंवा भूकंपात ताटातूट झाली असेल तर रेड क्रॉस माणसं शोधायला मदत करते.

फेसबुकवर फोटो टाकताना तुमचा नंबर आणि पासपोर्ट टाकू नका. आम्हाला दुसऱ्याच दिवशी 'तुमचा माणूस आमच्याकडे आहे, पैसे पाठवा' असा फोन आला. असं झालं तर पैसे न देता १९३० वर कळवा.

नवव्या दिवशी दूतावासातून फोन आला. भाऊ हॉस्पिटलात होता, साइटवर पडून पाय मोडला होता, मोबाइलचा चुरा झाला होता. कुणाचाच नंबर पाठ नव्हता. आठवत होता तो फक्त आत्याचा जुना लँडलाइन, आणि तो आम्ही केव्हाच बंद केला होता.